इल्फर्डचा रोनिन

ऑपरेशन सुरू होण्यापूर्वी डॉक्टर मोघे सर्जनला कमरेत वाकून नमस्कार करत. अगदी जपानी पद्धतीने. पेशंट तोवर भुलीखाली गेलेला असे म्हणून बरं, नाहीतर उठून पळालाच असता.

मोघे भूलतज्ज्ञ. दोन हजार चारच्या सुमारास ते लंडनमधल्या इल्फर्डजवळच्या आमच्या हॉस्पिटलात लोकम म्हणून आले, म्हणजे लांबच्या रजेवर गेलेल्या कुणाच्या तरी जागी काही महिन्यांसाठी. पण लोकम म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मी रोनिन आहे," ते सांगत. मग समोरच्याचा चहा गार होईपर्यंत इतिहास. जपानात सरदाराची जहागीर बुडाली की त्याच्या पदरचे सामुराई उघड्यावर पडत. असा धनी नसलेला सामुराई म्हणजे रोनिन. "कुणी छत्र्या करून विकल्या, कुणी पोरांना अक्षरं शिकवली. पण कमरेची तलवार सोडली नाही, साठे." मोघ्यांची तलवार म्हणजे घशात नळी घालताना वापरायचं त्यांचं स्वतःचं अवजार. ते मखमली पिशवीत असे आणि त्याला सिस्टरनेसुद्धा हात लावायचा नाही.

आमच्याकडे जेवायला आले की वरणभात चॉपस्टिक्सनी.

"अहो, चमचा घ्या," माझी बायको म्हणे.

"वहिनी, शिस्त मोडते."

आमटी मात्र वाटीला तोंड लावून भुरकत. तेही जपानीच, असं त्यांचं म्हणणं.

पुढे आमच्याकडे कायमची जागा निघाली. मोघ्यांनी अर्ज केला. मुलाखतीच्या पॅनेलवर मी होतो. कायमचे राहाल का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "धनी चांगला असेल तर." सगळे हसले. ते बाहेर गेल्यावर अध्यक्ष माझ्याकडे वळले. "यू नो हिम, साठे. विल ही स्टे?"

आपल्या माणसाची भलामण करतोय असं कुणाला वाटू नये, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. मी म्हणालो, "ही लाइक्स मूव्हिंग ऑन."

त्यांची थट्टा मी त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभी केली. जागा दुसऱ्याला गेली.

शेवटच्या दिवशी त्यांना स्टेशनवर सोडायला मीच गेलो. सूटकेसबरोबर एक न फोडलेलं मोठं पाकीट होतं.

"पडदे आहेत," मोघे म्हणाले. "इतक्या गावांत राहिलो, कुठे लावले नाहीत. म्हटलं, इथे लावू. वहिनींना द्या."

"दुकानात परत करा ना."

"पावती टाकून दिली हो. तुम्ही आत होता, म्हणून मला खात्रीच वाटली."

मग माझ्यासमोर कमरेत वाकले आणि गेले.

पडदे आमच्या खिडकीला आखूड होतात. बायको दर दिवाळीला बदलू या म्हणते, मी नको म्हणतो. काल तिने कारण विचारलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं.

ती म्हणाली, "त्यांचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

आहे. पहिल्यापासून आहे.