साडेसदुसष्ट किलोची लढत

गुणाजीने पुढे कोणाशी लढावं, हा प्रश्न १९८४ साली जोगेश्वरीच्या भाग्योदय चाळीत रोज संध्याकाळी चर्चेला यायचा. चर्चा सीतारामच्या सलूनमध्ये व्हायची. गुणाजी स्वतः तिथेच बाकड्यावर बसलेला असायचा, पण त्याला कोणी काही विचारत नसे. शर्यत कुठे लावायची, हे घोड्याला कोणी विचारतं का?

"गिरगावचा एखादा बघू," गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासत सीताराम म्हणाला.

"गिरगाव नको. ती माणसं हरली की शुद्ध बोलायला लागतात," दत्ताराम म्हणाला. दत्ताराम जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत कारकून होता. त्यामुळे सुरुवात आणि शेवट या दोन्ही बाबतींत त्याचा शब्द अखेरचा मानला जाई.

"मग दहिसर?"

"बस बदलावी लागते."

"मानखुर्दला माझा मेव्हणा राहतो. त्याच्या गल्लीत एक बॉक्सर आहे. भीमराज."

"मेव्हणा जेवायला घालतो?"

"घालतो की. मटण."

एवढ्यावर भीमराजचं नाव नक्की झालं. दत्ताराम उठला आणि जिन्याखालच्या फळ्यावर, 'सत्य हाच खरा अलंकार' या सुविचाराच्या खाली, त्याने वळणदार अक्षरात लिहिलं: 'आपल्या गुणाजीची पुढील लढत – मानखुर्दच्या भीमराजशी.'

सुविचार वाचून गुणाजीने फळ्याकडे पाठ फिरवली.

त्याचं कारण असं, की गुणाजीने आयुष्यात कधीही कोणाला ठोसा मारलेला नव्हता. तो अंधेरीच्या एका कारखान्यात बॉलपेनच्या रिफिली भरायचा. आदल्या वर्षी कारखान्यांच्या बॉक्सिंग स्पर्धेत एक्कावन्न किलो गटात माणूस कमी पडला, तेव्हा साहेबांनी कामगारांच्या रांगेवरून नजर फिरवली आणि त्यातल्या त्यात वाळलेला म्हणून त्याला उचललं. पहिल्या फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याची रजा मंजूर झाली नाही. दुसऱ्याला त्याच्या आईने सकाळी पुरणपोळ्या वाढल्या आणि तो तीनशे ग्रॅमने गटाबाहेर गेला. अंतिम फेरीतल्याला गालगुंड झालं. गुणाजी तिन्ही वेळा रिंगणात चढला, पंचाने तिन्ही वेळा त्याचा हात वर केला आणि तो खाली उतरला. कपावर फक्त 'विजेता' एवढंच कोरलेलं होतं. फोटोग्राफर म्हणाला, "जरा रागावल्यासारखं करा." गुणाजीने केलं. तो फोटो सीतारामने सलूनच्या आरशाला लावला, आणि तिथून पुढे चाळीला चॅम्पियन मिळाला.

खरं सांगायचा प्रयत्न त्याने केला नाही असं नाही.

"दत्तारामभाऊ, मी एक ठोसासुद्धा मारला नव्हता हो," तो एकदा म्हणाला होता.

"ऐका! ऐकलंत?" दत्ताराम सगळ्या सलूनला म्हणाला होता. "याला म्हणतात नम्रता. नाहीतर तुम्ही! कॅरममध्ये राणी घेतली तर आठवडाभर सांगत बसता."

त्यानंतर गुणाजी गप्प बसला, आणि त्यालाही कारण होतं. चाळीच्या नळाला संध्याकाळी साडेचारला पाणी यायचं, ते पाऊण तासात जायचं. कप घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी रांगेतल्या बायकांनी त्याच्या आईला, जानकीबाईंना, सगळ्यांच्या पुढे नेऊन उभं केलं होतं. "चॅम्पियनची आई पहिली!" जानकीबाईंचे गुडघे सुजलेले असायचे. पण कोणी पाणी भरून देऊ का म्हटलं की त्यांचं मालवणी उत्तर ठरलेलं, "माझे हात काय मोडले हत?" पहिला नंबर मात्र त्यांनी मान ताठ करून घेतला होता. आता भीमराजने गुणाजीला आडवा केला असता, तर तो नंबर गेला असता आणि आई पुन्हा रांगेत मागे ताटकळत उभी राहिली असती.

दहा दिवसांनी मानखुर्दहून पोस्टकार्ड आलं. दत्तारामने ते सलूनमध्ये मोठ्याने वाचलं. "आमचा भीमराज तयार आहे. वजन चौऱ्याऐंशी किलो. तुमच्या मुलाच्या घरच्यांची परवानगी घ्यावी."

"झकास!" सीताराम म्हणाला.

"अहो, चौऱ्याऐंशी!" गुणाजी म्हणाला.

"मग? जेवढा मोठा, तेवढा पडल्यावर आवाज मोठा."

गुणाजीला वाचवलं मार्तंड सरांनी. सर शाळेत पीटी शिकवायचे, आणि पंच व्हायला त्यांनी एका अटीवर होकार दिला होता: सगळं नियमांच्या पुस्तकाप्रमाणे. पुस्तक त्यांनी दाढी करून घेता घेता उघडलं आणि म्हणाले, "एक्कावन्न आणि चौऱ्याऐंशी एका रिंगणात उभे राहू शकत नाहीत. वजनं एका गटातली पाहिजेत. विषय संपला."

गुणाजीला सरांच्या अर्ध्या साबण लावलेल्या गालाचा मुका घ्यावासा वाटला.

पण विषय संपायला ती काय शाळा होती? दत्तारामने कानावरचा खडू काढला आणि सलूनच्या फरशीवरच बेरीज केली. "एक्कावन्न अधिक चौऱ्याऐंशी, एकशे पस्तीस. भागिले दोन, साडेसदुसष्ट. गुणाजी साडेसोळा किलो चढेल, त्यांचा भीमराज साडेसोळा किलो उतरेल. गणपतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी मध्यावर भेटतील."

"तीन महिन्यांत?" मार्तंड सरांनी विचारलं.

"पुस्तकात मनाई आहे?"

सरांनी बराच वेळ पानं उलटली. पुस्तकात मनाई नव्हती. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात भाग्योदय चाळ आलेलीच नव्हती.

मानखुर्दकरांनी उलट टपाली होकार कळवला, पंच इथले म्हणून लढत चाळीच्याच पटांगणात ठरली, आणि फळ्यावर वेळापत्रक लागलं. सोमवारी खोली एक ते पाच: अंडी. मंगळवारी सहा ते दहा: केळी आणि साय. बुधवारी पोळे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ. गुरुवारी वरच्या मजल्यावरच्या द्रौपदीबाईंकडून डिंकाचे लाडू. द्रौपदीबाई म्हणजे नळावरची जुनी हुकूमत. जानकीबाई पुढे गेल्या त्याआधी पहिला नंबर त्यांचाच असायचा. लाडू देताना त्या गुणाजीकडे अशा बघायच्या, की प्रत्येक लाडू त्याच्या घशात थोडा थांबून मगच खाली जायचा.

दर रविवारी नाक्यावरच्या कोळशाच्या वखारीत गुणाजीचं वजन व्हायचं. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पोत्यावर मांडी घालून बसलेला चॅम्पियन. पंचावन्न झाले, साठ झाले. श्रावणात शर्टाची बटणं तुटली. कारखान्यात साहेबांनी विचारलं, "लग्न झालं का रे तुझं?"

साडेसदुसष्ट झाल्यावर गुणाजीने ताट बाजूला सारलं, तेव्हा दत्ताराम ओरडला, "खा! वखारीचा काटा चार किलो जास्त दाखवतो, हे पोराबाळांनाही माहीत आहे. तू अजून साडेत्रेसष्टच आहेस. ऐन वेळी वाट लागेल आपली!"

तेव्हा तो आणखी चार किलो खात राहिला.

ठरलेला रविवार उजाडला. पटांगणात चार बांबू रोवून कपडे वाळत घालायच्या दोऱ्या ताणलेल्या होत्या. सकाळी दहाला मानखुर्दची मंडळी आली. त्यांच्या मधोमध गालफडं बसलेला, ढगळ बनियन घातलेला एक उंच माणूस होता. दत्तारामने पुढे होऊन विचारलं, "आणि भीमराज कुठाय?"

"हाच की," मानखुर्दकर म्हणाले. मग गुणाजीकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमचा कुठाय? हे कोण, त्याचे वडील?"

मार्तंड सरांनी शाळेतला वजनकाटा आणवला होता. आधी भीमराज चढला. साडेत्रेसष्ट. मग गुणाजी चढला. साडेएकाहत्तर.



"असं कसं?" दत्ताराम वखारवाल्यावर धावला. "तुझा काटा चार किलो जास्त दाखवतो ना रे?"

"काय बोलता, शेठ! चॅम्पियनचं वजन म्हणून पहिल्याच रविवारी काटा नीट केला मी. चॅम्पियनला फसवू का?"

"आणि आमचा कोळसा?"

"कोळशाचं वेगळं," वखारवाला म्हणाला.

मानखुर्दकरांनी त्यांच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर असाच अविश्वास दाखवला होता. रद्दीचा काटा चार किलो कमी दाखवणारच, म्हणून त्यांनी भीमराजला चार किलो जादा उपाशी ठेवलं. तो रद्दीवाला दुर्दैवाने प्रामाणिक निघाला.

"आठ किलोंचा फरक," मार्तंड सरांनी पुस्तक मिटलं. "लढत रद्द."

दोन्हीकडचे समर्थक तावातावाने भांडू लागले. या गडबडीत दोन्ही बॉक्सरांकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही, फक्त जानकीबाईंचं होतं. त्यांनी भीमराजचा हात धरला आणि त्याला घरात नेऊन पाटावर बसवलं.

"ह्या पोराच्या तोंडाकडे बघ रे गुणाजी. उपाशी मारल्यानी मेल्यांनी! जेव रे झिला. लढूचा काय ता मागसून."

भीमराज जेवला. नऊ वडे त्याने मान वर न करता संपवले. दहाव्याला त्याचे डोळे भरून आले. "मावशी, तीन महिन्यांनी तेलातलं काही बघितलं."

जानकीबाई रस्सा आणायला उठल्या, तसा तो गुणाजीकडे वळला. "खरं सांगू का? मी टरकलो होतो यार. सीतारामच्या मेव्हण्यानं तुझा फोटो दाखवला. काय डोळे! म्हटलं, हा खून करणार."

मग गुणाजीला राहवेना. तीन वॉकओव्हर, गालगुंड, पुरणपोळ्या, सगळं त्याने सांगून टाकलं. वर्षभरात पहिल्यांदाच कोणीतरी त्याचं बोलणं खरं धरलं. भीमराजला ठसका लागला.

"हे मला काय सांगतोस?" पाणी पिऊन तो म्हणाला. "ज्यांचे लाडू खाल्लेस त्यांना सांग."

साडेचारला गुणाजी नळावर गेला. रांग लागलेली होती. सगळ्यांत पुढे आईची कळशी होती आणि तिच्या मागे द्रौपदीबाई उभ्या होत्या. आई यायची होती.

"काकी, एक सांगायचं होतं. मी काही खरा चॅम्पियन नाही. मी कोणाशी लढलोच नाही. हा पहिला नंबर तुमचा आहे."

द्रौपदीबाईंनी बादली खाली ठेवली आणि त्याला आपादमस्तक न्याहाळलं. आता त्या कामाला पूर्वीपेक्षा वेळ लागत होता.

"माझा भाऊ तुमच्या स्पर्धेला सरबत द्यायला होता," त्या म्हणाल्या. "तुझा कप घरी यायच्या आधी बातमी माझ्या घरी आली होती."

"म्हणजे तुम्हाला...?"

"मला, हिला, तिला, सगळ्या रांगेला." मागच्या बायकांनी माना डोलावल्या. "फक्त त्या सलूनमधल्या शहाण्यांना नाही."

"मग आईला पुढे का नेलंत?"

"तिचे गुडघे बघितलेस का कधी? वर्षभर सांगून दमले, जानके, पुढे ये, जानके, पुढे ये. आली का? मेली म्हणायची, माझे हात काय मोडले? तुझा कप आला आणि आयतं निमित्त मिळालं. गुडघ्यांसाठी ती मेली तरी पुढे आली नसती. लेकासाठी आली." त्यांनी बादली पुन्हा उचलली. "तेव्हा गपचूप चॅम्पियन राहा. हरायचं नाही, आणि त्या लाडवांचं नाव काढायचं नाही. डिंक काय भाव झालाय, माहीत आहे?"

गुणाजी परत फिरला. सलूनमध्ये दोन्हीकडची मंडळी आता एकत्र बसून चहा पीत होती, आणि दत्ताराम फरशीवर खडू घेऊन वाकला होता.

"साडेएकाहत्तरचा कोण आहे? मुलुंड? घाटकोपर?"

"मी बोलू?" गुणाजी म्हणाला.

सगळे दचकले. आरशावरच्या फोटोपलीकडे त्या खोलीत गुणाजीकडे कधी कोणी लक्ष दिलं नव्हतं. सीतारामचा वस्तरा हवेत थांबला.

"दहिसरला एक रतन आहे. आमच्या कारखान्यात टोपणं लावतो. पंचेचाळीस किलो."

"बॉक्सर आहे?"

"माझ्याइतका आहे," गुणाजी म्हणाला.

मग दत्तारामने बेरीज मांडली. "साडेएकाहत्तर अधिक पंचेचाळीस... भागिले दोन... सव्वाअठ्ठावन्न! तू उतर, त्याला चढवू. पण दहिसरला बस बदलावी लागते रे."

"बदलू," गुणाजी म्हणाला. "आणि काट्याचा भरवसा धरू नका. चार किलो इकडेतिकडे ठेवा."

"ते काय सांगायला पाहिजे?" असं म्हणून दत्ताराम फळ्याकडे निघाला. भीमराजने मान खाली घालून चहाची बशी तोंडाला लावली, नाहीतर तो हसला असता.

बाहेर भरलेली पहिली कळशी कमरेवर घेऊन जानकीबाई सावकाश, ताठ मानेने येत होत्या. लेकाला दारात बघून त्या थांबल्या.

"काय रे, आता कोणाक मारतलस?"

गुणाजीने फोटोतल्यासारखं तोंड केलं.