अय्युबचाचांचं हार्दिक अभिनंदन

आमच्या शेजारचे अय्युबचाचा इंजिनिअर माणसाला नाव विचारत नाहीत, ब्रँच विचारतात. ब्रँच कळली की तिथल्या तिथे निकाल देतात. "सिव्हिल? स्कोप हाय, पण सिमेंटचं दुकान घरचं पाहिजे." "मेकॅनिकल? लई चांगलं. लग्न जमेपर्यंत कामाला येतं." "कॉम्प्युटर? आता कॉम्प्युटरचं काम कॉम्प्युटरच करायलाय. तुमी काय करणार?"

मी इलेक्ट्रॉनिक्सची. म्हणून ते मला त्यांच्या घरचा मिक्सर आणून देतात. "बघ बेटा, नुसता गुरगुरतोय." मिक्सर मला येत नाही, हे सांगून मी थकले. मिक्सर येतच राहतो.

चाचांचं चौकात फ्लेक्सचं दुकान आहे. आधी ते पाट्या रंगवायचे. मग ब्रश गेला आणि मशीन आलं. नोकऱ्यांच्या बाजाराचा त्यांचा सगळा अभ्यास या मशीनवर झालेला आहे. कॉलेजवाले ज्या ब्रँचचे फ्लेक्स जास्त छापतात, तिचे वांधे आहेत असं ते धरून चालतात. "पोरं आपोआप येत असती तर जाहिरात कावून केली असती?" यंदा एआयच्या कोर्सचे रोबोट छापून छापून निळी शाई संपली. तेव्हापासून एआयवरचा त्यांचा विश्वासच उडाला.

शिवाय अभिनंदनाचे फ्लेक्स. आमच्याकडे कुणाची कुठे निवड झाली की चौकात फोटो लागतोच. चौसाळ्याचा मेकॅनिकलवाला तलाठी झाला, सिरसाळ्याची सिव्हिलवाली बँकेत लागली, आमच्याच गल्लीतला एक फौजदार झाला. सगळे चाचांनीच छापले. "पण इंजिनिअर होऊन इंजिनिअरच झाला, असा फ्लेक्स माझ्या मशीनमधून अजून निघाला न्हाई," हे ते मला भर रस्त्यात, हातात कोथिंबीर घेऊन सांगायचे. मी नुसती हसायचे. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. इंटरव्ह्यूतही माझं तिथेच अडायचं.

तरी पुण्याच्या एका कंपनीत मी शेवटच्या राउंडपर्यंत पोहोचले. आईला राहवलं नाही. तिने भिंतीवरून चाचांना सांगून टाकलं.

त्यानंतर एकदा औषधं आणायला गेले आणि चौकात मला मी दिसले. दुमजली घराएवढी. "इंजिनिअर पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" फोटो मावसबहिणीच्या लग्नातला, आईने मोबाइलवर पाठवलेला. त्यातली मावशी कापली होती, पण तिचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला होता. खाली शुभेच्छुक म्हणून गोल गोल फोटोंत आठ अनोळखी पुरुष. त्यातला एक गॉगल लावून फोनवर बोलत होता.

मी तडक दुकानात गेले. "चाचा, अजून निकाल आलेला नाही!"

"शेवटचा राउंड झाला म्हणली तुझी आई. शेवटच्याच्या पुढं काय असतं?"

"पुढे काहीही असू शकतं. काढा तो."

"शिडी न्हाई. मंडपवाला घेऊन गेलाय. आणि उगं अशुभ बोलू नको."

पुढचा आठवडा कसा गेला ते मलाच माहीत. औषधवाल्याने पेढे मागितले. शिकवणीच्या जुन्या सरांनी रस्त्यात गाडी थांबवून आशीर्वाद दिला. एक स्थळही आलं, मुलाकडच्यांनी फोटो चौकातच पाहिला होता. मी घराबाहेर पडणं बंद केलं.

मग कंपनीची मेल आली. नकाराची.

आईबाबांना सांगितलं आणि चाचांच्या दारात जाऊन त्यांनाही सांगितलं. आता स्कोपवर व्याख्यान ऐकावं लागणार म्हणून मी दात आवळून उभी होते. चाचांनी पायात चप्पल घातली आणि ते निघून गेले. भर दुपारी, कुणाची तरी शिडी आणून, त्यांनी स्वतः वर चढून फ्लेक्स उतरवला.

दुसऱ्या दिवशी मी तो मागायला दुकानात गेले. आमच्याकडे जुने फ्लेक्स कडब्यावर नाहीतर हातगाड्यांवर अंथरतात. आपलं तोंड कुणाच्या कडब्यावर पडून राहावं असं मला वाटत नव्हतं. दुकानात वाढदिवसाच्या फ्लेक्सची ऑर्डर घेऊन तिघे-चौघे बसले होते. मी दारातच थबकले.

"चाचा, त्या पोरीचा फ्लेक्स कावून उतरवला?" एकाने विचारलं.

"माझ्या हातून चूक झाली," चाचा म्हणाले. "निवड दुसऱ्याच पोरीची हाय. फोटो भलतीचा पडला. डोळे गेले माझे आता."

"मंग आमच्या भाऊच्या वाढदिवसाला कुणाचं थोबाड छापताल?" सगळे हसले. "न्हाई चाचा, आमी दुसरीकडं बघतो."

"बघा. तुमची मर्जी."

ते उठायला लागले. चाचा हसत होते, पण हातातलं फडकं पिळत होते. माझे कान तापले.

"फोटो बरोबर होता," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "ती मीच. मला नोकरी मिळाली नाही, एवढंच. चाचांचे डोळे चांगले आहेत."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

"कावून बोललीस गं?" चाचा वैतागून म्हणाले. "मी सांभाळलं हुतं की."

त्यांच्यापैकी एकाने विचारायला तोंड उघडलं, "मंग ताई, आता पुढं काय..."

चाचांनी त्याच्याकडे न बघता मशीन सुरू केलं. घरघर करत कोरा फ्लेक्स पुढे सरकायला लागला. छापायला काहीच नव्हतं, पण त्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. सगळी माणसं निघून जाईपर्यंत चाचांनी मशीन बंद केलं नाही.