बायकोने लिहिलेलं शिफारसपत्र

स्वतःची स्तुती स्वतः लिहायला मला लाज वाटते, म्हणून ते काम मी बायकोला सांगितलं. एवढंच माझं चुकलं.

झालं असं, की माझ्या पीएचडीचं सहावं वर्ष सरत आलं होतं. विषय आर्थिक इतिहास, त्यातही दीडशे वर्षांपूर्वीचे मिठाचे भाव. (हसू नका. सासरे सहा वर्षं हसताहेत.) फेलोशिपला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली नाही, तर प्रबंध गुंडाळून सासऱ्यांच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं, हे ठरलेलं. मुदतवाढीला गाइडचं शिफारसपत्र लागतं. आणि आमच्या विभागात रीत अशी, की पत्र विद्यार्थ्यानेच लिहून न्यायचं आणि सरांनी न वाचता सही ठोकायची.

"काय लिहू?" बायकोने विचारलं.

"खरं ते लिही. फक्त भाषा सरकारी ठेव," मी म्हणालो.

सहा वर्षांत इतका दमलो होतो, की तिने लिहिलेलं वाचायचेही कष्ट घेतले नाहीत. सरांनी जिन्यातच माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. अर्ज खिडकीत दिला, बाकावर टेकलो आणि पोचेची प्रत सहज वाचली.

"सदर विद्यार्थी दीडशे वर्षांपूर्वीचा मिठाचा भाव झोपेतही सांगतो; आजचा त्यास ठाऊक नाही. बाजारात एकटा पाठवल्यास फसतो. नळ दुरुस्त करावयास बसल्यास नंतर दोन प्लंबर लागतात. दुकानात बसवल्यास दुकान बुडेल. मात्र जुना कागद दिसला की त्यास तहानभुकेचे भान राहत नाही."

मी खिडकीकडे धावलो. "अहो, ते पत्र परत द्या!"

"आवक नंबर पडला," खिडकीतला क्लार्क म्हणाला. "आणि घाबरता कशाला? छान लिहिलंय सरांनी. आम्ही सगळ्यांनी वाचलं."

घरी येऊन ओरडलो, "हे काय लिहिलंस?"

"तूच म्हणालास ना, खरं लिही?"

"पण इतकं?"

"इतकं कुठे? स्कूटरचं गाळलंय मी."

तिने ते सासऱ्यांनाही फोनवर वाचून दाखवलं. ते पहिल्यांदाच हसले नाहीत. मला पुढे तीन आठवडे अन्न गोड लागलं नाही.

मग फेलोशिप समितीचं उत्तर आलं. पाकीट बायकोनेच फोडून वाचलं: "एक वर्ष मुदतवाढ मंजूर. उमेदवार अन्य कोणत्याही कामास उपयोगी नाही, यावर समितीचे एकमत झाले."

मी लगेच सासऱ्यांना फोन लावला. मुदतवाढ मिळाल्याचं सांगितलं.

"एकच वर्ष?" ते काकुळतीला येऊन म्हणाले. "जावईबापू, मी भेटू का समितीला?"