गच्चीवरील जोडाची मोहीम

पुढील पिढ्यांस ठाऊक असावे म्हणोन, घडले तैसे, पदरचे तिखटमीठ बेताने घालून लिहितो. पाणी नामे गनीम डिशच्या केबलीचा गच्चीवरील जोड फोडून आत शिरला आणि टीव्हीवर माणसांचे चौकोन जाहले. दिवस तो बाका. घरची धाकटी लेक त्या सायंकाळी प्रथमच टीव्हीवर हवामानाची बातमी देणार, आणि ती पुन्हा दाखविणार नव्हते. तमाम घर हवालदिल जाहले.

मग वडील, नोकरी सुटोन साहेबी न सुटलेले, भर पावसात खासा गच्चीवर चढले आणि छत्री धरावयास जावई घेतले. जावयांनी अर्ज केला की आधी जोड उघडून कोरडा करावा. हुकूम जाहला की सासऱ्यास अक्कल शिकवू नये. मग चिकटपट्टीवर चिकटपट्टी, तीवर पिशवी, तीवर सुतळी, ऐसा बंदोबस्त केला की नवे पाणी आत न यावे आणि आतले बाहेर न जावे. गनीम किल्ल्यात कोंडून साहेबांनी दरवाजे लाविले. टीव्ही साफ निळा पडला.

तेव्हां मातोश्रींची हाक जिन्यातून आली, "अहो, काहीच दिसत नाहीये! चला, शेजारी जाऊन बघू!"

"त्या माणसाकडे? मुळीच नाही!" साहेब गच्चीवरून गरजले.

मग पट्ट्या सुटल्या, जोडातून पाणी ठिबकले, आणि ते जावयांचे हलगर्जीपण ठरले. जावयांनी पट्टीच्या डब्यावरील सूचना वाचिल्या, ज्या वाचणे साहेबांस कमीपणाचे वाटले होते. आणि केबलीचे सडके टोक छाटून, नवा जोड बसवून, तो पुसून, पट्टी खालून वर कौलांसारखी चढविली, आणि खिडकीआधी केबलीस झोल दिला, की पाणी तेथेच गळावे.

"दिसतेय! अहो, दिसतेय ती! या लवकर!"

परंतु शेवटचा वेढा आपल्या हातचा असावा म्हणोन साहेब थांबले, आणि तो उकलून पुन्हा घातला, आणि खाली आले तो साबणाची जाहिरात चालली होती.

लेकीचा फोन आला. "बाबा, साडी कशी दिसत होती?"

साहेबांनी मातोश्रींकडे पाहिले. मातोश्री जाहिरात पाहात राहिल्या.

"चित्र अगदी स्वच्छ होतं, बाळा," साहेब म्हणाले.

येणेप्रमाणे गनीम जेर जाहला, जोड कोरडा राहिला, आणि फत्ते साहेबांची जाहली, हे नमूद असावे.