बंद खोलीत कोण खोकतं?

दहा-बारा वर्षांच्या मुलाला कोणती कादंबरी द्यावी, हे मला विचारा. आमच्या वाचनालयाचा बालविभाग मी सांभाळतो, आणि मूल दारातून माझ्या टेबलापर्यंत येईतो त्याचं पुस्तक मी ठरवलेलं असतं! प्रत्येक कादंबरीवर मी एक चिठ्ठी चिकटवतो. तिच्यावर फक्त एक प्रश्न. प्रश्न डोक्यात शिरला की मूल पुस्तक घेऊन जातं. उत्तर मलाही ठाऊक नसतं, कारण मी पहिली तीसच पानं वाचतो. अठराशे पुस्तकं आहेत हो, माणूस वाचणार तरी किती?

तर माझी भाची. वय अकरा, आणि आजवर एकही पुस्तक तिने शेवटापर्यंत नेलेलं नाही. ताई अगदी रडकुंडीला आली होती. "पाठव माझ्याकडे," मी ऐटीत म्हटलं आणि भाचीच्या हातात एक जाडजूड कादंबरी ठेवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'वरच्या बंद खोलीत कोण खोकतं?'

चौथ्या दिवशी ती टेबलापुढे हजर.

"मामा, शेवटची पानं कुठायत?"

बघतो तर खरंच नव्हती. पुस्तक बाइंडिंगला जाऊन आलं होतं आणि शेवटची सोळा पानं तिकडेच राहिली होती. आल्यावर तपासणं माझं काम. मी तपासलं होतं, तिसाव्या पानापर्यंत.

"राहू दे," ती म्हणाली. "तूच सांग, कोण खोकत होतं?"

खरं सांगून टाकायला हवं होतं. पण मामा, त्यातून ग्रंथपाल!

"स्वयंपाकी," मी ठोकून दिलं.

"तो तर नवव्या प्रकरणात मेला."

"मेल्याचं नाटक केलं त्याने."

"त्याला पुरलं, मामा. सगळ्या गावासमोर."

"मग त्याचा जुळा भाऊ असेल."

"असेल?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तू वाचलंच नाहीयेस ना?"

ती पुस्तक टेबलावर ठेवून निघून गेली. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी ताईचा फोन. "जेवतानासुद्धा पुस्तक खाली ठेवत नव्हती. आता म्हणते, पुन्हा पुस्तकाला हात लावणार नाही. काय केलंस रे तू?"

बाइंडरला विचारलं. ती पानं रद्दीत गेली होती. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या वाचनालयात गेलो. तिथे एक प्रत मिळाली. ती देताना तिथल्या ग्रंथपालबाईंनी विचारलं, "त्या खोलीत कोण असतं हो?"

"तुम्ही वाचली नाहीत?"

"वीस पानं वाचलीत," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

मी तडक ताईकडे गेलो. भाचीने आधी हात मागे घेतला. मग राहवेना, तेव्हा पुस्तक ओढून घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसून वाचू लागली. एकदा तिचे डोळे विस्फारले. एकदा ती स्वतःशीच हसली. मग भराभर पानं मागे उलटून काहीतरी शोधलं आणि पुन्हा हसली. स्वयंपाकघराच्या दारात ताई श्वास रोखून उभी.

मला काही दम निघेना. "कोण होतं गं?"

"वाच की," ती म्हणाली, आणि पुस्तक दप्तरात टाकलं.

आता ते तिच्या वर्गात फिरतंय. कुणी कुणाला शेवट सांगायचा नाही, असं ठरलंय म्हणे. मीही नाव नोंदवलंय. माझा नंबर चौदावा आहे.