तीन करवती आणि तीन पाचरी

"आज ठेकेदार डझनभर करवती घेऊन जातो की नाही बघ! लिहून ठेव!" तक्तेबुवांनी सकाळीच बायकोला ठणकावून सांगितलं.

तक्तेबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण दोन वस्तू शेजारी दिसल्या की हा गृहस्थ लगेच त्यांचा तुलनात्मक तक्ता करायला बसायचा. झाडू घ्यायचा झाला तरी तक्ता! धंदा मात्र दणदणीत. जंगलातले अजस्र ओंडके कापणाऱ्या, पेट्रोलवर चालणाऱ्या करवती ते विकायचे. दुकान पुढे, घर मागे, आणि गिऱ्हाइकाचा कित्येक महिने पत्ता नाही. हा ठेकेदार हातचा गेला असता तर दुकानाला कुलूपच लागायचं होतं.

मागच्या अंगणात दोन दगडांवर दोन टोकं टेकवून एक जाडजूड ओंडका आडवा ठेवला होता. शेजारी नारिंगी, लाल आणि निळी अशा तीन धिप्पाड करवती. भिंतीवर भलामोठा तक्ता. ठेकेदार आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

"नारिंगीची ताकद बघा साहेब! लालचं पातं सगळ्यांत लांब! आणि निळी? कंप इतका कमी की दिवसभर चालवा, हात बधिर होणार नाही!"

"कापून दाखवा."

नारिंगी धडाडली! भुशाचं कारंजं उडालं! पातं अर्ध्यावर गेलं आणि ओंडका मधोमध खाली दबला. वरची चीर मिटली, पातं आत गच्च! तक्तेबुवांनी करवत बंद केली, ओंडक्याला पाय लावून ओढली, कुरवाळली, शिव्या घातल्या. ढिम्म!

"हरकत नाही! लाल तिला सोडवते की नाही बघाच!"

लाल वीतभर अंतरावर घुसली आणि तीही अडकली. निळी तरी शहाणी निघेल असं वाटलं होतं. तिनंही दोघींच्या शेजारी मुक्काम ठोकला. केसांत खोचून विसरलेल्या कंगव्यांसारख्या तिन्ही करवती ओंडक्यात उभ्या! तक्तेबुवांना रडू यायचंच बाकी होतं.

"पाचर मारा की," ठेकेदार म्हणाला. "चिरेत ठोकली की पातं मोकळं. प्रत्येक करवतीच्या खोक्यात प्लॅस्टिकची येते ना?"

येते तर! पण खोकी उघडली त्याच दिवशी त्या तिन्ही पाचरी घरात नोकरीला लागल्या होत्या!

तक्तेबुवा आत धावले आणि जेवणाच्या टेबलाच्या आखूड पायाखालची पाचर उपसली.

"अहो, टेबलावर चहा आहे!" बायको ओरडली. चहा होता. आता फरशीवर होता.

मग भिंतीशी कललेल्या कपाटाखालची! कपाटाची दारं आपोआप उघडली आणि बायकोच्या अंगावर गाद्या, उशा, पांघरुणं कोसळली. ढिगातून नुसता आवाज येत होता, "थांबा, मी बाहेर आले की बघते तुमच्याकडे!"

तिसरी बाथरूमच्या दारात होती. त्या दाराचा खटका एकदा बसला की आतून-बाहेरून कुठूनच सुटायचा नाही. म्हणून पाचर घालून दार किलकिलं ठेवायचं, हा घरचा नियम. आत तक्तेबुवांची आई अंघोळ करत होती. पण तक्तेबुवांच्या डोक्यात फक्त निळी! पाचर ओढली. मागे खट्ट झालेलं त्यांना ऐकूही आलं नाही.

ठोक, ठोक, ठोक! चिरा उघडल्या, तिन्ही करवती अलगद बाहेर! तक्तेबुवा आनंदानं अंगणात नाचले.

"अरे गाढवा! दार लागलं!" आतून आईची आरोळी आली.

दाराशी सगळे जमले. खटका काही हलेना.

"करवतीनं खटक्याभोवतीचं लाकूड कापायला हवं," तक्तेबुवा म्हणाले. "पण कुठली? ताकदीच्या रकान्यात नारिंगी पुढे आहे, तरी घरातल्या कामाला..."

"हाताला लागेल ती आण मेल्या! कपडे कधीच घातलेत मी, आता इथे म्हातारी होऊ का?"

ठेकेदारानं निळी उचलली. "आई, पार मागे, भिंतीला टेकून उभ्या राहा!" करवत गुरगुरली आणि दाराचा तुकडा खटक्यासकट खाली पडला. ठेकेदार पहिल्यांदाच हसला.

"हात जराही बधिर झाला नाही हो! हिच्याच डझनभर पाठवा. आणि या तिन्ही आत्ताच गाडीत टाका. पाचरींसकट!"

दुकान वाचलं! तक्तेबुवांनी आईला मिठी मारली, बायकोलाही मिठी मारायला गेले आणि तिचा चेहरा बघून थांबले.

दुपारी जेवताना ताटं टेबलावरून इकडून तिकडे पळत होती. बायको उठली. भिंतीवरचा तक्ता काढला, घडीवर घडी घातली आणि टेबलाच्या पायाखाली दाबला.

तक्तेबुवांनी टेबल हलवून पाहिलं. जागचं हललं नाही. पाचरीपेक्षा सरस! हे तर रकान्यांत मांडायलाच हवं, म्हणून ते उत्साहानं मोठा कागद शोधू लागले. घरातला एकुलता एक मोठा कागद टेबलाखाली होता, आणि त्यावर बायकोचा पाय होता.