नत्थूजींचा निरोप आणि दोन कॅमेरे

नत्थूजी गजभिये पहिल्यांदा रिटायर झाले ते मार्चमधल्या शेवटच्या शनिवारी. रिटायर होणं माणसाच्या वाट्याला एकदाच येतं, असा तोवर त्यांचाही समज होता.

नागपूरजवळ हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत दुकानी वजनकाटे बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासणी खात्याचे प्रमुख होते. तयार झालेला प्रत्येक काटा आधी त्यांच्या टेबलावर यायचा. तो खरं बोलतो की खोटं, हे नत्थूजी ठरवायचे आणि त्यांनी एकदा नापास म्हटलं की खुद्द मॅनेजरसाहेबही त्या काट्याला हात लावत नसत. असा माणूस जाणार म्हटल्यावर निरोप दणक्यात व्हायला हवा होता. शाल, नारळ, प्रेशर कुकर, चिवडा, पेढे, सगळी तयारी झाली. फोटो काढायला मात्र एकाऐवजी दोन कॅमेरे आले आणि घोळ तिथेच सुरू झाला.

पहिला कॅमेरा भैयाजी ढोबळेंचा. भैयाजी हे नत्थूजींचे मदतनीस आणि नत्थूजींच्या खुर्चीचे ठरलेले वारसदार. त्यांच्या मेहुण्याने मस्कतहून त्यांना जपानी कॅमेरा आणून दिला होता. हलकाफुलका, बटण दाबलं की उजेडाबिजेडाचं सगळं स्वतःच बघणारा. दुसरा कॅमेरा जोडणी खात्यातल्या रविंद्रचा. तो रशियन, बर्डीच्या बाजारात सेकंडहँड घेतलेला, वजनाला दणदणीत. सेल लागत नसे, पण प्रत्येक गोष्ट हाताने फिरवून लावावी लागे. दोन्ही कॅमेरे आत आरसा असलेले, डोळ्याला दिसेल तेच रोलवर उतरवणारे. आणि दोन्ही आपापल्या देशात शिकाऊ लोकांसाठी बनवलेले, सगळ्यात साधे. पण हे त्यांच्या मालकांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

"रविंद्र, हा कॅमेरा हाय का वरवंटा?" भैयाजी सगळ्यांसमोर म्हणाले.

"वरवंटा तं वरवंटा," रविंद्र म्हणाला. "सेल तं नाही मागत. तुमच्याचा सेल संपला का त्याचा जीवच जाते."

मॅनेजरसाहेब मूळचे पुण्याकडचे. त्यांना या भांडणात कंपनीचा फायदा दिसला. "हे बघा, कॅटलॉगसाठी आपल्याला एक कॅमेरा घ्यायचाच आहे. आज दोघंही काढा. ज्याचे फोटो चांगले येतील, तसला कॅमेरा घेऊ."

झालं. दोघांनाही फोटो समोरूनच काढायचा होता आणि समोरची जागा एकच होती. त्यामुळे साहेबांनी नत्थूजींना हार घातला, मग काढला, मग पुन्हा घातला. शाल दोनदा पांघरली. नारळ दोनदा दिला आणि एकदा पाडला.

फोटो धुऊन आले तेव्हा सगळं खातं टेबलाभोवती जमलं. जपानी कॅमेऱ्याने नत्थूजींच्या पाठीमागच्या खिडकीचा उजेड धरला होता. खिडकीबाहेरच्या कडुनिंबाचं पान न् पान दिसत होतं. नत्थूजी तेवढे काळे ठिक्कर. रशियन कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि शटर यांचं जुळलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक फोटो अर्धाच आला होता. त्यात साहेब मोठ्या आदराने अंधाराला हार घालत होते.

"माह्या कॅमेऱ्याचा दोष नाही, खिडकीचा हाय," भैयाजी म्हणाले.

"मंग माह्या कॅमेऱ्याचाबी नाही," रविंद्र म्हणाला. "भैयाजीनं मले धक्का देल्ला."

साहेबांनी हात वर केला. "नत्थूजींनीच आपल्याला काय शिकवलंय? दोन काटे ताडून पाहायचे तर दोन्हींत एकच वजन टाकायचं. वजन बदललं, तर तपासणी कसली? तोच माणूस हवा, तोच हार हवा, प्रसंगही तोच हवा. पुढच्या शनिवारी नत्थूजींना बोलवा."

इकडे इंदोऱ्यातल्या घरी नत्थूजींचे दिवस जाता जात नव्हते. सकाळी कंपनीची बस चौकात थांबायची, त्याच वेळी त्यांना दूध आणायची आठवण व्हायची. ड्रायव्हर सवयीने हॉर्न वाजवायचा, मग जीभ चावून पुढे निघायचा. घरी येऊन नत्थूजी वाण्याकडची डाळ जोखून पाहत. कणकेचे गोळे सारखे नाहीत, हे त्यांनी बायकोला, कौसल्याबाईंना, दोनदा दाखवून दिलं. तिसऱ्यांदा दाखवलं तेव्हा कौसल्याबाईंनी लाटणं खाली ठेवलं.

"अहो, मले तपासून राहिले का तुमी? एवढी वर्षं याच पोळ्या खाल्ल्या ना जी?"

"तवा वेळ नव्हता वं पाहाले," नत्थूजी म्हणाले.

ते विनोद करत नव्हते. आयुष्यभर त्यांनी दिलेला शेरा लोकांनी मानला होता. आता त्यांचा शेरा कुणालाच नको होता, आणि हे दुःख सांगावं तरी कुणाला? माणूस धडधाकट होता, घर चांगलं होतं, मुलगी दिल्या घरी सुखी होती. तक्रार करायला जागाच नव्हती. म्हणून तर जास्त जीव घुसमटत होता.

अशात कारखान्याचा निरोप आला. समारंभ चार वाजता होता. नत्थूजी सकाळच्या बसमध्ये जाऊन बसले.

भैयाजी त्यांना पाहताच खुर्चीतून उठले. "बसा नत्थूजी, बसा. आलेच हा तं हे काटे पाहून घ्या जरासे." नत्थूजींनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि दिवसभर काटे तपासले. चौदा नापास केले. डबा सगळा संपवला, शिवाय भैयाजींच्या डब्यातलं वांग्याचं भरीतही खाल्लं. चार वाजता ते रिटायर व्हायला गेले तेव्हा फारच खुशीत होते. साहेबांनी तेच भाषण त्याच शब्दांत केलं. "त्यांची उणीव भासेल" या वाक्यालाही नत्थूजी हसत होते, आणि रविंद्रला त्यांना गंभीर व्हायला सांगावं लागलं.

तेही फोटो आले नाहीत. जपानी कॅमेऱ्याचा सेल ऐन हाराच्या वेळी संपला, आणि तसला सेल अख्ख्या नागपुरात मिळेना. रशियन कॅमेऱ्यात रोल चाकाला नीट धरलाच नव्हता. रविंद्र खटके उडवत राहिला आणि रोल आत जागच्या जागी बसून राहिला.

"पुन्हा घ्या," साहेब म्हणाले. "अर्धवट तपासणीवर कंपनीचा पैसा खर्च होणार नाही."

हे ऐकून नत्थूजींना आनंद झाला, आणि आनंद झाला याची त्यांना लाजही वाटली. फोटो खराब यावेत असं आपल्याला मनातून वाटतंय, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. ज्याने कधी कुणाचा खराब माल खपू दिला नाही, तो माणूस आता दोन गरीब कॅमेऱ्यांचं वाईट चिंतत होता.

तिसऱ्या शनिवारी मात्र वारं फिरलेलं दिसलं. भैयाजींचा सेल मुंबईहून आला होता. रविंद्र बर्डीवरच्या फोटोवाल्याकडून रोल घालायला शिकून आला होता. आवारातून जाताना नत्थूजींना जोडणी खात्यातला एकजण दुसऱ्याला विचारताना ऐकू आला, "नत्थूजी आजबी रिटायर हून राहिले का गा? मंग चिवडा हाय का?"

नत्थूजींना ते लागलं. पहिल्या निरोपाला लोकांचे डोळे भरून आले होते. तिसऱ्या निरोपाला लोक चिवड्याची चौकशी करत होते. आज फोटो चांगले येणार होते, आणि पुढच्या शनिवारी आपल्याला कुणी बोलावणार नव्हतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते तपासणी खात्यात एकटेच होते. टेबलावर दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी ठेवलेले, तपासणीला आल्यासारखे. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं की उजेड शिरून रोल वाया जातो, एवढं गेल्या दोन शनिवारच्या भांडणांतून त्यांच्या कानांवर पडलं होतं. एकदा उघडायचं, लगेच बंद करायचं. काटा नापास करण्यापेक्षा सोपं काम.

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग शर्टाला हात पुसले आणि जपानी कॅमेऱ्याची कळ ओढली. झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं.

नत्थूजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कॅमेऱ्यात रोल नव्हता. ते चक्रावले. मग त्यांनी रशियन कॅमेरा ओढला. त्याचं झाकण जरा घट्ट होतं, पण उघडलं. तोही रिकामा.

"काय करून राहिले नत्थूजी?"

दारात भैयाजी उभे होते. नत्थूजींच्या दोन्ही हातांत एकेक उघडा कॅमेरा. चोरी अशी स्वच्छ पकडली गेल्यावर माणसाने गप्प बसावं. पण नत्थूजी जातीचे तपासनीस.

"भैयाजी, याच्यात रोल काहून नाही?"

भैयाजींनी दार लावून घेतलं आणि ते समोरच्या स्टुलावर बसले. खुर्चीवर नाही, हे नत्थूजींच्या लक्षात आलं.

"फोटो चांगले आले असते तं तुमचं येनं बंद झालं असतं," भैयाजी म्हणाले. "मंग हे काटे कोनं पाहावं? मले शिक्का माराची भीती वाटते जी. आठवडाभर ज्याच्यावर डाउट येते तो काटा बाजूले ठेवतो अन् शनिवारची वाट पाहातो. वीस वर्षं तुमच्या बाजूले बसून ही खुर्ची मागितली मी. आता भेटली तं बसवत नाही."

नत्थूजींनी दोन्ही कॅमेरे टेबलावर ठेवले. त्यांना भैयाजींची कीव आली, आणि त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, त्यांना बरं वाटलं.

"हे तुमच्या कॅमेऱ्याचं झालं," मग ते म्हणाले. "रविंद्रचा काहून रिकामा?"

भैयाजी खाकरले. "ते तुमी त्यालेच विचारा."

"मी तुमाले विचारून राहिलो."

"वहिनी गेल्या होत्या त्याच्या घरी," भैयाजी जमिनीकडे पाहत म्हणाले. "म्हने, भाऊ, फोटो आले नाही तरी चालते. पण शनिवारी आमच्या ह्यायले घेऊन जात जा. एक दिवस तरी मले शांतीनं पोळ्या लाटू द्या."

चार वाजता समारंभ सुरू झाला. साहेबांनी हार घातला, काढला, पुन्हा घातला. भैयाजी आणि रविंद्र वाकून, बसून, स्टुलावर चढून रिकाम्या कॅमेऱ्यांचे खटके उडवत होते आणि एकमेकांना मन लावून शिव्या देत होते. नत्थूजी दोघांकडे पाहत होते. आपला फोटो येणार नाही हे पक्कं ठाऊक असताना ते पहिल्यांदाच ऐटीत उभे राहिले, मान ताठ, हात मागे, खास फोटोसाठी उभं राहावं तसे. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

भाषण आटोपल्यावर साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "नत्थूजी, हा विषय आता संपवून टाकू. फोटो येतील तेव्हा येतील. पण तुम्ही तीनदा दोन्ही कॅमेऱ्यांसमोर उभे राहिलात, आणि तपासणीत तुमचा हात धरणारा आपल्याकडे कुणी नाही. तुम्हीच सांगा, दोन्हींत चांगला कोणता?"

भैयाजी थांबले. रविंद्र थांबला. मागच्या रांगेत चिवडा खाणारेही थांबले.

नत्थूजींनी आयुष्यात खोटा शेरा दिला नव्हता. त्यांनी गळ्यातला हार नीट केला आणि दोन्ही कॅमेऱ्यांकडे आळीपाळीने, पुरेसा वेळ घेऊन पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "आताच नाही सांगता येत. अजून एक बार तपासा लागीन."